निळ्या पेन्सिलीची खूण आणि आपलं मौन



फेब्रुवारी 2022 च्या अखेरीस रशियानं युक्रेनमध्ये सैन्य घुसवलं तेव्हा 8 मार्च अगदी तोंडावर आला होता. आमच्या गटाची पत्रकासाठी बैठक बसली. युद्धाचा निषेध करायचा यावर कुणाचंच दुमत नव्हतं. भांडण लागलं ते एका शब्दावर. ‘रशियाच्या आक्रमणाचा निषेध’ लिहायचं की ‘साम्राज्यवादी युद्धाचा निषेध’? ज्यांच्याकडून आमच्यातल्या निम्म्याजणी चळवळ शिकल्या त्या एक ज्येष्ठ ताई म्हणाल्या, “हे आजचं नाही गं. 1945 पासून अमेरिकेनं रशियाला घेरत आणलंय. आधी तो इतिहास वाचा, मग निषेध लिहा.” त्यावर बँकेत नोकरी करणारी आमची एक मैत्रीण उसळली. “आणि 1945 ला अर्धा युरोप गिळला कुणी, ताई? तो इतिहास नाही का?” दोन तास वाद झाला. शेवटी पत्रक निघालं तेव्हा त्यात युक्रेनचं नावच नव्हतं.

त्या रात्री घरी जाताना मला एकच गोष्ट टोचत होती. दोघींनाही 1945 पाठ होतं. पण दोघींच्याही 1945 मध्ये एकही बाई नव्हती.

शीतयुद्ध कुणी सुरू केलं, या प्रश्नाची दोन तयार उत्तरं आपल्या अभ्यासवर्गांतून पिढ्यान् पिढ्या चालत आली आहेत. दोन्ही उत्तरं अर्धी खरी आहेत. म्हणून तर ती इतकी टिकली. माझी तक्रार आहे ती त्यांच्या उरलेल्या अर्ध्याबद्दल. कारण तो अर्धा भाग बायकांच्या अंगावर लिहिला गेला, आणि आपल्यासारख्या स्त्री-संघटनांनीच तो वाचायचं टाळलं.

आधी जे खरं आहे ते मान्य करून टाकू. ताईंची गोष्ट निराधार नाही. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत युनियनची सुमारे 2 कोटी 70 लाख माणसं मेली. पश्चिमेकडून दुसरी आघाडी उघडा म्हणून स्टालिन 1941 पासून मागे लागले होते; नॉर्मंडीत फौजा उतरल्या त्या जून 1944 मध्ये. जर्मनी शरण आल्यावर आठवड्याच्या आत अमेरिकेनं युद्धकाळातली मदत एकाएकी तोडली. मग ऑगस्टमध्ये हिरोशिमा आणि नागासाकी. 1918 नंतर ब्रिटन, फ्रान्स, अमेरिका, जपान यांच्या फौजा क्रांती चिरडायला रशियात उतरल्या होत्या, हे मॉस्को विसरलेलं नव्हतं.

बँकेतल्या मैत्रिणीचीही गोष्ट निराधार नाही. 1939 मध्ये हिटलरशी करार करून पोलंड वाटून घेतला तो स्टालिननंच. 1940 मध्ये कातिनच्या जंगलात आणि इतरत्र हजारो पोलिश अधिकाऱ्यांना मारून पुरलं, आणि मॉस्कोनं ते कबूल केलं थेट 1990 मध्ये. 1944 मध्ये वॉर्सा नाझींविरुद्ध उठलं तेव्हा लाल सेना नदीच्या पलीकडे थांबून राहिली.

पण दोन विचारसरणी एकमेकींवर आदळल्या आणि त्यातून शीतयुद्ध झालं, ही मांडणी मला पटत नाही. विचारसरणींची गाठ पडण्याआधी मालकांची गाठ पडली होती. 9 ऑक्टोबर 1944 च्या रात्री मॉस्कोत चर्चिलनी एका कागदाच्या अर्ध्या तावावर देशांची नावं आणि पुढं टक्के लिहिले. रुमानिया : रशिया 90. ग्रीस : ब्रिटन 90. युगोस्लाव्हिया आणि हंगेरी : निम्मं-निम्मं. बल्गेरिया : रशिया 75. कागद टेबलावरून पुढं सरकवला. स्टालिननी निळ्या पेन्सिलीनं त्यावर एक खूण केली आणि कागद परत दिला. हे चर्चिलनीच आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे. आपल्याकडे शेतजमिनीची वाटणी होते तेव्हा सातबाऱ्यावर भावांची नावं चढतात आणि बहिणींकडून हक्कसोडपत्र घेतात. इथं तर बहिणींची सही घेण्याचीही गरज कुणाला वाटली नाही.

ग्रीसच्या 90 टक्क्यांत कोण कोण होतं ते पाहा.

1941 मध्ये नाझी फौजा ग्रीसमध्ये आल्या आणि पहिल्याच हिवाळ्यात अथेन्समध्ये भुकेनं माणसं रस्त्यावर मरू लागली. त्या भुकेतून राष्ट्रीय मुक्ती आघाडी उभी राहिली. तिच्यात कम्युनिस्ट पुढं होते, पण शेतकरी, शिक्षक, काही पाद्रीसुद्धा होते. आणि बायका होत्या. ज्या डोंगराळ गावांत मुलीला विहिरीपलीकडे एकटी जाऊ देत नसत, त्या गावांतल्या मुली निरोप पोचवू लागल्या, लंगरखाने चालवू लागल्या, काहींनी बंदूक घेतली. मार्च 1944 मध्ये मुक्त डोंगरी भागात आघाडीचं सरकार बनलं आणि एप्रिलमध्ये त्यानं निवडणूक घेतली. राष्ट्रीय प्रतिनिधी निवडण्यासाठी ग्रीक बाईनं पहिल्यांदा मत दिलं ते या निवडणुकीत, जर्मन फौजा देशात असताना. काही बायका निवडूनही आल्या.

पुढं सहा महिन्यांनी मॉस्कोत ती निळी खूण झाली.

3 डिसेंबर 1944 ला अथेन्सच्या मुख्य चौकात निःशस्त्र मोर्चावर पोलिसांनी गोळीबार केला. त्यानंतर महिनाभर ब्रिटिश फौजा त्याच लोकांशी लढल्या जे काल-परवापर्यंत नाझींशी लढत होते. चर्चिलनी आपल्या सेनापतीला कळवलं होतं की जिंकलेल्या शहरात बंड झाल्यासारखं वागायला कचरू नका. आणि मॉस्को? मॉस्को गप्प होतं. चर्चिलनी पुढं स्टालिनची तारीफच केली आहे, शब्दाला जागले म्हणून. फेब्रुवारी 1945 मध्ये मुक्ती आघाडीनं शस्त्रं खाली ठेवली आणि उजव्या टोळ्यांनी गावोगाव सूड सुरू केला. त्यातून 1946 मध्ये यादवी पेटली. ब्रिटनची तिजोरी रिकामी झाली तेव्हा 12 मार्च 1947 ला अध्यक्ष ट्रुमन अमेरिकन काँग्रेससमोर उभे राहिले आणि स्वतंत्र लोकांच्या रक्षणासाठी म्हणून ग्रीस आणि तुर्कस्तानला 40 कोटी डॉलर मागितले. शीतयुद्धाची रीतसर सुरुवात पुष्कळजण या भाषणापासून धरतात. त्या पैशांतून शस्त्रं आली, सल्लागार आले, आणि 1949 मध्ये ग्रीसच्या डोंगरांवर नेपाम बॉम्बही पडले. व्हिएतनामची आठवण आपण काढतो, पण नेपामची ग्रीक गावं आपल्याला कुणी सांगितली नाहीत.

स्वतंत्र लोकांच्या त्या देशात डोंगरात मत दिलेल्या बायकांचं काय झालं? हजारो बायकांना बेटांवर हद्दपार केलं. त्रिकेरी हे त्यांतलं एक बेट. कित्येकींच्या कडेवर पोरं होती, कित्येकींचा गुन्हा एवढाच की नवरा, भाऊ किंवा मुलगा डोंगरात होता. 1950 च्या सुरुवातीला त्यांतल्या हजारावर बायकांना मॅक्रोनिसोस या ओसाड बेटावर नेलं. तिथं कैद्यांकडून पश्चात्तापाचं प्रतिज्ञापत्र लिहून घेत: मी कम्युनिझम टाकला, मी चुकले. ते पेपरात छापत, गावच्या चर्चमध्ये वाचून दाखवत. सही न करणाऱ्या बाईला बदफैली म्हणत. वस्तीत काम करताना हा शब्द मी फार वेळा ऐकला आहे, आणि त्याचा चारित्र्याशी कधीच संबंध नसतो. याच ग्रीक राज्यानं 1952 मध्ये कायदा करून बायकांना मताचा पूर्ण हक्क दिला. तो सरकारनं दिला असं पुस्तकांत लिहितात.

इथवर वाचून ताई मान डोलावतील. आता पुढचं.

1948 मध्ये बंडखोरांनी आपल्या ताब्यातल्या गावांतून पंचवीस हजारांच्या वर मुलं सरहद्दीपार पूर्व युरोपात पाठवली. काही आयांनी बॉम्बच्या भीतीनं स्वतः पाठवली, काहींची मर्जी कुणी विचारली नाही. त्याच वेळी राणी फ्रेडरिकाच्या नावानं उघडलेल्या बालवसाहतींत सरकारनं हजारो मुलं नेऊन ठेवली. संयुक्त राष्ट्रांत दोन्ही बाजू एकमेकांवर मुलं पळवल्याचा आरोप करत राहिल्या. आयांना साक्षीला कुणी बोलावलं? आणि ज्या मॉस्कोच्या भरवशावर ही मुलं पूर्वेकडे गेली, तिथं फेब्रुवारी 1948 मध्ये स्टालिननी युगोस्लाव्ह आणि बल्गेरियन नेत्यांना बजावलं होतं की ग्रीसचा उठाव आवरता घ्या. नंतरही डोंगरात दीड वर्ष माणसं मरत होती. गेलेल्यांना परत यायची सरसकट मुभा मिळाली 1982 मध्ये, तीही फक्त ‘वंशानं ग्रीक’ असलेल्यांना. स्लाव्ह बोली बोलणाऱ्या आयांची मुलं त्यातूनही वगळली गेली. चौतीस वर्षं! म्हणजे सात वर्षांचं पोर एक्केचाळीसचं होऊन आलं, आई असली तर.

आता ज्या विषयावर आपल्या अभ्यासवर्गात खोलीतली हवाच बदलते त्याविषयी. 1945 च्या वसंतात बर्लिनमध्ये लाल सेनेच्या सैनिकांनी बायकांवर बलात्कार केले. इस्पितळांच्या नोंदींवरून केलेले अंदाज लाखाच्या घरात जातात. मी हे एकदा शिबिरात मांडलं तेव्हा मला सांगण्यात आलं, हा अमेरिकन प्रचार आहे, आणि नाझींनी रशियात काय केलं ते आधी सांग. सांगते. नाझींनी रशियात जे केलं ते भयंकर होतं, आणि त्याची भरपाई बर्लिनच्या तळघरातल्या पोरीनं करायची नव्हती. अमेरिकन आणि फ्रेंच सैनिकांनीही जर्मनीत बलात्कार केले, तेही सांगते.

पण ‘शत्रूच्या बायका होत्या’ हे समर्थनही टिकत नाही. 1944 मध्ये युगोस्लाव्हियात लाल सेना आली ती कॉम्रेडांच्या देशात आली होती. तिथं सैनिकांनी केलेले शंभराहून अधिक बलात्कार पक्षाच्या कानावर आले, त्यांतल्या बहुतेक बायकांना नंतर मारूनही टाकलं होतं. मिलोवान जिलास या कम्युनिस्ट नेत्यानं सोव्हिएत सेनापतीकडे हा विषय काढला. प्रतिक्रिया काय आली? लाल सेनेचा अपमान! पुढं स्टालिननी स्वतः जिलासना सुनावलं की हजारो मैल रक्तातून चालत आलेल्या सैनिकानं एखाद्या बाईबरोबर जरा मजा केली तर त्यात एवढं काय. हे जिलासनी नंतर लिहून प्रसिद्ध केलं. 1948 मध्ये स्टालिन आणि टिटो यांचं फाटलं त्याच्या मुळाशी जी कटुता होती तिच्यात हाही एक धागा आहे. आंतरराष्ट्रीय राजकारणाच्या पुस्तकांत तो तळटीपेत असतो.

पश्चिमेनं तरी या बायकांना मोठ्या मनानं जवळ केलं का? बर्लिनमधल्या एका बाईनं त्या आठवड्यांची रोजनिशी लिहिली होती. ती नावाशिवाय 1954 मध्ये अमेरिकेत छापली गेली, जर्मन भाषेत आली 1959 मध्ये. पश्चिम जर्मनीत तिच्यावर जर्मन स्त्रीची अब्रू घालवल्याचा ठपका आला. त्या बाईनं मग जिवंतपणी पुन्हा छापू दिलं नाही. पुस्तक परत आलं 2003 मध्ये. म्हणजे पूर्वेला हा विषय प्रचार ठरला आणि पश्चिमेला बेअब्रू. आपल्या समुपदेशन केंद्रात येणाऱ्या मुलीला सासर एक म्हणतं आणि माहेर दुसरं, पण दोघांचं म्हणणं शेवटी एकच असतं की बाहेर बोलू नकोस.

मग बायकांच्या संघटना काय करत होत्या?

1945 च्या हिवाळ्यात पॅरिसमध्ये चाळीसेक देशांच्या बायका जमल्या आणि त्यांनी आंतरराष्ट्रीय लोकशाहीवादी महिला महासंघ स्थापला. भौतिकशास्त्रज्ञ युजेनी कॉतों अध्यक्ष झाल्या. भारतातूनही प्रतिनिधी गेल्या होत्या. फॅसिझमविरोध, समान वेतन, बालसंगोपन, वसाहतींचं स्वातंत्र्य या मागण्या एका दमात मांडणारी ती पहिली मोठी फळी. पाच वर्षांत तिची वाट लागली. अमेरिकेतल्या तिच्या शाखेवर 1949 मध्ये संसदेच्या चौकशी समितीनं अहवाल काढला, ‘परकीय हस्तक’ म्हणून नोंदणी करा असं सांगितलं. 1950 मध्ये शाखा बंद पडली. इंडोचायनातल्या युद्धाला विरोध केला म्हणून 1951 मध्ये फ्रान्सनं महासंघाला हाकललं, कार्यालय पूर्व बर्लिनला गेलं. 1954 मध्ये संयुक्त राष्ट्रांतला सल्लागार दर्जा गेला. हे सगळं आपण अन्याय म्हणून सांगतो, आणि तो अन्यायच होता.

पण टिटोशी भांडण झाल्याबरोबर 1949 मध्ये याच महासंघानं युगोस्लाव्हियाच्या महिला आघाडीला बाहेर काढलं, हे आपण सांगत नाही. त्या बायका युद्धात लाखोंच्या संख्येनं उतरल्या होत्या. त्यांचा गुन्हा काय, तर त्यांच्या देशातल्या पुरुषांचं मॉस्कोतल्या पुरुषांशी पटेनासं झालं. आणि युगोस्लाव्ह पक्षानं तरी त्यांची काय किंमत केली? 1953 मध्ये ती आघाडी बरखास्तच करून टाकली, वेगळ्या महिला संघटनेची आता गरज नाही म्हणून. 1954 मध्ये आपल्याकडे भारतीय महिला फेडरेशन उभं राहिलं ते या महासंघाशी जोडूनच. त्यातल्या बायकांनी गिरण्यांत, शेतात, रेशनच्या लढ्यांत जे काम केलं त्यापुढं मी नतमस्तक आहे. पण 1956 मध्ये बुडापेस्टच्या रस्त्यांवर रणगाडे आले तेव्हाचं मौनही याच वारशात आलं.

याची किंमत आजही मोजतोय. 1948 च्या मानवी हक्क जाहीरनाम्यात रोटी आणि स्वातंत्र्य एकत्र होती. आपल्या हंसा मेहतांनी आग्रहानं त्यात ‘सर्व पुरुष’ या अर्थी असलेला शब्द काढून ‘सर्व मानव’ असा घालायला लावला. पण तो जाहीरनामा करारात उतरवताना दोन गटांच्या ओढाताणीत त्याचे दोन तुकडे झाले. 1966 मध्ये नागरी-राजकीय हक्कांचा एक करार आणि आर्थिक-सामाजिक हक्कांचा दुसरा. अमेरिकेनं दुसऱ्यावर 1977 मध्ये सही केली, मंजुरी दिलीच नाही. सोव्हिएत गटानं पहिल्यावर सही करून तो धाब्यावर बसवला. माझ्याकडे नवऱ्याचा मार खाऊन येणारी बाई एका वाक्यात दोन्ही मागते: त्याला घरात येऊ देऊ नका आणि रेशनकार्डावर माझं नाव राहू द्या. तिला जर मी म्हटलं, बाई, आधी एक निवड, तर ती मला वेड्यात काढील.

एक तारीख सांगते आणि थांबते. 22 फेब्रुवारी 1946. मॉस्कोतल्या अमेरिकन वकिलातीतून जॉर्ज केनन यांनी वॉशिंग्टनला लांबलचक तार पाठवली ती या दिवशी. सोव्हिएत सत्तेला युक्तिवाद कळत नाही, बळ कळतं, असा तिचा सूर. अमेरिकेचं पुढचं धोरण तिच्यावर बेतलं गेलं. त्याच दिवशी मुंबई बंद होती. नौसैनिकांच्या उठावाला पाठिंबा म्हणून गिरणी कामगार रस्त्यावर होते. गोऱ्या सैनिकांच्या गोळीबारात त्या दोन-तीन दिवसांत दोनशेहून अधिक माणसं मेली. परळमध्ये महिला कार्यकर्त्या कमल दोंदे गोळी लागून गेल्या, कुसुम रणदिवे जखमी झाल्या, अहिल्या रांगणेकर त्यांच्याबरोबर होत्या. इकडे काँग्रेस आणि लीग, दोन्हीकडचे पुढारी नौसैनिकांना शरण जायला सांगत होते. केननची तार जगातल्या प्रत्येक विद्यापीठात शिकवतात. कमल दोंदेंचं नाव माझ्या एम.एस.डब्ल्यू.च्या दोन वर्षांत मला एकदाही ऐकू आलं नाही; ते मला त्याच ज्येष्ठ ताईंनी सांगितलं. म्हणून तर त्यांच्याशी भांडावंसं वाटतं. जिला कमल दोंदे आठवतात तिला युगोस्लाव्हियातल्या त्या बायका परक्या का वाटाव्यात?

आमच्या शिबिराच्या पुस्तिकेत ‘जागतिक राजकारण’ असं पाच पानांचं प्रकरण आहे. त्यात ग्रीसच्या डोंगरातली निवडणूक, युगोस्लाव्हियातली तक्रार आणि 1949 ची हकालपट्टी, हे तीन परिच्छेद घालावेत असा ठराव मी पुढच्या बैठकीत मांडते आहे. ज्या मैत्रिणींचा विरोध आहे त्यांनी याच अंकातून, नावानिशी, उत्तर द्यावं.